भयाच्या जुन्या वाड्यात : गॉथिक कथा आणि वऱ्हाडचा वाचक

'गॉथिक' हा शब्द मराठी वाचकाच्या कानावर पहिल्यांदा येतो तो बहुधा मुंबईच्या इमारतींमुळे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उच्च न्यायालय, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर या वास्तूंच्या टोकदार कमानी आणि उंच मनोरे ज्या शैलीतले आहेत, तिला व्हिक्टोरियन गॉथिक म्हणतात. २०१८ मध्ये युनेस्कोने यांपैकी उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. याच नावाचा एक साहित्यप्रकारही आहे. पडका वाडा, बंद दालन, घराण्याने दडवलेले पाप, वारसाहक्काचा तंटा, वादळी रात्र आणि मेलेल्यांचा जिवंतांवर चालणारा अंमल ही त्याची ओळख. मराठीत त्याची भावंडे भयकथा, गूढकथा, रहस्यकथा या नावांनी वावरतात.

अमरावती-अकोल्याच्या वाचनालयांत ज्यांचे शालेय दिवस गेले, त्यांना या पुस्तकांचे कपाट वेगळे दाखवावे लागत नाही. पाने पिवळी पडलेली, शिवण उसवलेली, पुठ्ठ्याच्या बांधणीत कशीबशी तग धरून असलेली ही पुस्तके सर्वाधिक हातांतून फिरली आणि म्हणूनच सर्वांत आधी जीर्ण झाली. या साहित्याचा उगम कोठे झाला, ते मराठीत कसे आले, वऱ्हाडच्या भूमीशी त्याचे नाते काय आणि ते आज चारचौघांनी मिळून पुन्हा का वाचावे, याचा हा आढावा.

खोट्या हस्तलिखितापासून सुरुवात

गॉथिक कादंबरीचा जन्म नेमका सांगता येतो. इंग्लंडच्या संसदेचे सदस्य असलेल्या होरेस वॉलपोल यांनी डिसेंबर १७६४ मध्ये 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर त्यांचे नाव नव्हते. हा एका जुन्या इटालियन ग्रंथाचा अनुवाद आहे, असे तेथे सांगितले होते. कथा ओट्रँटोच्या गढीतली. लग्नाच्या दिवशी राजपुत्राच्या अंगावर आकाशातून पडावे तसे एक अवाढव्य शिरस्त्राण कोसळते आणि तो चिरडून मरतो. वंश खुंटू नये म्हणून त्याचा बाप होणाऱ्या सुनेशीच लग्न करू पाहतो. ही जहागीर मुळात बळकावलेली आहे, हे रहस्य शेवटी उघड होते.

कादंबरी हातोहात खपली. १७६५ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा वॉलपोल यांनी हे लेखन आपलेच असल्याची कबुली दिली आणि पुस्तकाला 'अ गॉथिक स्टोरी' असे उपशीर्षक जोडले. जुना ग्रंथ म्हणून ज्यांनी कौतुक केले होते, त्यांतील काही समीक्षक आता नाराज झाले. ही कबुली मात्र या साहित्यप्रकाराच्या इतिहासात फार महत्त्वाची ठरली. 'हे मी रचलेले आहे, तरीही तुम्हाला भीती वाटेल,' असा लेखक-वाचकांमधला करार तेथून सुरू झाला. तो काळ युरोपात विवेकवादाचा होता. भुतांवरचा विश्वास ओसरू लागला, तेव्हाच भुतांच्या कथेचा आस्वाद घेणे शक्य झाले.

एका बैठकीने घडवलेला इतिहास

पुढच्या तीन दशकांत या कादंबऱ्यांचे पेव फुटले. ॲन रॅडक्लिफ यांची 'द मिस्टरीज ऑफ युडोल्फो' १७९४ मध्ये आणि मॅथ्यू लुईस यांची 'द मंक' १७९६ मध्ये आली. दोघांच्या रीती परस्परविरुद्ध. रॅडक्लिफबाई वाचकाला शेकडो पाने घाबरवतात आणि अखेरीस प्रत्येक चमत्काराचा नैसर्गिक उलगडा करतात. लुईस यांच्याकडे सैतान खरोखरच अवतरतो. भयकथेच्या या दोन वाटा आजही कायम आहेत.

त्यानंतरचा टप्पा सहवाचनातून जन्मला. एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा जवळपास झालाच नाही. १८१६ च्या त्या गारठलेल्या, पावसाळी दिवसांत जिनिव्हा सरोवराकाठच्या एका बंगल्यात कवी बायरन, कवी शेली, अठरा वर्षांची मेरी आणि बायरन यांचे डॉक्टर जॉन पोलिडोरी ही मंडळी अडकून पडली होती. वेळ घालवण्यासाठी त्यांनी जर्मन भूतकथांचा फ्रेंच अनुवाद मोठ्याने वाचायला घेतला. मग प्रत्येकाने एक भयकथा लिहावी, अशी पैज लागली. त्यातून मेरी शेली यांची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) आणि पोलिडोरी यांची 'द व्हँपायर' (१८१९) या दोन कृती उभ्या राहिल्या. एकीतून विज्ञानकथेला, तर दुसरीतून रक्तपिपासू उमरावाच्या कथेला दिशा मिळाली.

पुढे अमेरिकेत एडगर ॲलन पो यांनी 'द फॉल ऑफ द हाऊस ऑफ अशर' (१८३९) या कथेत वाडा आणि घराणे एकाच क्षणी कोसळताना दाखवले. १८४७ मध्ये ब्राँटे भगिनींच्या 'जेन एअर' आणि 'वदरिंग हाइट्स' आल्या. शेरिडन ले फानू यांची 'कार्मिला' १८७२ मध्ये, स्टीव्हन्सन यांची 'डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड' १८८६ मध्ये, ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' १८९७ मध्ये आणि हेन्री जेम्स यांची 'द टर्न ऑफ द स्क्रू' १८९८ मध्ये प्रसिद्ध झाली. दाफ्ने द्यू मोरिए यांच्या 'रिबेका'ने (१९३८) हा वारसा विसाव्या शतकात आणला. हिंदी चित्रपटरसिकांना तिची कथा 'कोहरा' (१९६४) या चित्रपटामुळे परिचित आहे.

हरवलेली सात पुस्तके

या इतिहासातील एक प्रसंग ग्रंथप्रेमींनी लक्षात ठेवावा असा आहे. जेन ऑस्टेन यांच्या 'नॉर्दँगर ॲबी' या कादंबरीत (प्रकाशन १८१७ अखेर) दोन मैत्रिणी भयकादंबऱ्यांची एक यादी करतात. त्या यादीत सात नावे आहेत. काळाच्या ओघात ही पुस्तके इतकी विस्मरणात गेली, की ती नावे ऑस्टेनबाईंनी थट्टेने रचली असावीत, असाच समज पसरला. विसाव्या शतकात मायकेल सॅडलर यांच्यासारख्या संग्राहकांनी शोध घेतला, तेव्हा सातही पुस्तके खरोखर छापली गेल्याचे सिद्ध झाले. पुढे त्यांच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या.

एकेकाळी घरोघर वाचली जाणारी पुस्तके शंभर-सव्वाशे वर्षांत इतकी नाहीशी व्हावीत, याचे कारण त्यांच्या लोकप्रियतेतच होते. ती भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांसाठी छापली जात, वाचून फाटत आणि फेकली जात. विद्वानांना ती जपण्याच्या योग्यतेची वाटत नसत. मराठी लोकप्रिय साहित्याचे प्राक्तन याहून फारसे निराळे नाही.

भयानक आणि बीभत्स

भीतीची प्रत कशी ओळखावी, यावर रॅडक्लिफ यांचा एक निबंध त्यांच्या निधनानंतर १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. धास्ती मनाच्या शक्ती जाग्या करते, उलट अंगावर आलेले भीषण दृश्य मन गोठवून टाकते, असा भेद त्यांनी केला. पहिलीत अनिश्चितता असते, दुसऱ्यात सारे उघड असते.

भारतीय वाचकाला हा भेद परका वाटू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस आहेत. पहिल्याचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. विस्मयावर उभा असलेला अद्भुत रस तिसरा. उत्तम गॉथिक कथा भयानक आणि अद्भुत यांच्या सीमेवर चालते. कनिष्ठ कथा रक्तमांसाचा चिखल करून बीभत्साकडे घसरते. जुन्या कथांचे मूल्यमापन करताना ही कसोटी आजही उपयोगी पडते.

मराठीतील वाटचाल

मराठी कादंबरीच्या आरंभकाळातच अद्भुताचे आकर्षण दिसते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी वाचकांना वेड लावले. हिंदीत देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता'ने (१८८८) तिलिस्म आणि ऐयार यांची दुनिया उभी केली.

या सुमारास इंग्लंडमधील एका लेखकाचा भारतीय वाचकांवर विलक्षण प्रभाव पडला. त्यांचे नाव जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. लंडनच्या अंधाऱ्या गल्ल्या, तळघरे, उमरावांची कारस्थाने आणि लांडगा होणारा माणूस यांनी भरलेल्या त्यांच्या कादंबऱ्या मायदेशी हलक्या मानल्या गेल्या. हिंदुस्थानात मात्र त्या नवशिक्षितांनी अधाशासारख्या वाचल्या. हरी नारायण आपटे यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिति' (१८८५) हिच्यामागेही रेनॉल्ड्स यांच्या लेखनाची प्रेरणा असल्याचे अभ्यासक नोंदवतात. गो. ना. दातारशास्त्री यांच्या 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा', 'बंधुद्वेष' या कादंबऱ्यांत तर भुयारे, गुप्त दालने आणि भाऊबंदकी यांना देशी वेष चढवलेला आहे.

विसाव्या शतकात बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून 'झुंझार' आणि 'काळापहाड' घराघरांत पोहोचवले. अनंत अंतरकर यांनी १९४६ मध्ये 'हंस' सुरू केले. त्यांच्याच 'नवल' या नियतकालिकाने गूढ आणि भयकथांना हक्काचे घर दिले. द. पा. खांबेटे यांच्यासारखे लेखक याच वातावरणात वाचले गेले. 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकांनी ती परंपरा पुढे नेली. दिवाळी अंक ही आपली खास देणगी. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पाडलेल्या या पायंड्यामुळे फराळाच्या ताटाशेजारी भुताची गोष्ट वाचणारा समाज तयार झाला.

धारप आणि मतकरी

मराठी भयकथेचे शिखर म्हणून नारायण धारप (१९२५-२००८) यांचे नाव घेतले जाते. 'समर्थ' ही त्यांची मानसपुत्र म्हणावी अशी व्यक्तिरेखा. अमंगल शक्तींना साधनेच्या आणि संयमाच्या बळावर तोंड देणारा हा पुरुष अनेक कथांमधून भेटतो. 'चेटकीण', 'ग्रहण', '४४० चंदनवाडी', 'आनंदमहल', 'अनोळखी दिशा' ही त्यांची पुस्तके आजही मागून वाचली जातात.

धारपांनी पाश्चात्त्य कथांची रूपांतरे मुक्तहस्ताने केली. त्यांची 'लुचाई' स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट' (१९७५) वर आधारलेली आहे. किंग यांची ती कादंबरी मुळात 'ड्रॅक्युला' आधुनिक अमेरिकेत आला तर काय होईल, या कल्पनेतून सुचलेली. म्हणजे ट्रान्सिल्व्हेनियाचा उमराव अमेरिकामार्गे मराठी गावात पोहोचला. रूपांतर करताना धारपांनी नावे बदलली, शिवाय गावगाडा, देवघर, शेजारधर्म आणि मराठी कुटुंबातील नाती अशी काही गुंफली, की वाचकाला ती कथा आपल्याच आळीत घडल्यासारखी वाटते.

रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांची वाट वेगळी. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'कबंध', 'फाशी बखळ', 'ऐक... टोले पडताहेत' या त्यांच्या संग्रहांना गूढकथा हेच नाव शोभते. भूत आहे की नाही, यापेक्षा पात्राच्या मनात काय शिजते आहे, याकडे त्यांचे लक्ष असते. लुईस यांची वाट धारपांनी, तर हेन्री जेम्स यांची वाट मतकरींनी मराठीत रुळवली, असे ढोबळमानाने म्हणता येईल. नव्या पिढीत हृषीकेश गुप्ते यांनी 'अंधारवारी', 'दैत्यालय', 'घनगर्द' यांतून हा धागा पुढे नेला आहे.

चित्रपटांनीही तो अधूनमधून उचलला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी 'पाठलाग' (१९६४) काढला. 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) तर गावातल्या वाड्याभोवतीच फिरतो.

नागझिऱ्याची रात्र आणि 'तुंबाड'

धारपांच्या एका कथेचा प्रवास विदर्भाच्या जंगलातून झाला, ही गोष्ट येथील वाचकाने आवर्जून जाणून घ्यावी. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितल्याप्रमाणे, १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात असताना एका मित्राने त्यांना धारपांची एक कथा ऐकवली. ती कथा 'आजी'. तिचेही मूळ स्टीफन किंग यांच्याच एका कथेत आहे. रानातल्या रात्री तोंडी ऐकलेली ती गोष्ट बर्वे यांच्या मनात घर करून राहिली आणि पंचवीस वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ त्याने झाला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हाही प्रेक्षकांनी गर्दी केली.

'तुंबाड'चा विषय भुतापेक्षा लोभ हा आहे. वाड्याच्या पोटात सोने आहे, ते बापाला हवे होते आणि मुलालाही हवे आहे. वॉलपोल यांच्या गढीतही हेच होते. बळकावलेली मालमत्ता आणि तिची तिसऱ्या पिढीने फेडलेली किंमत. मराठीत 'भूत' या शब्दाचा मूळ अर्थ 'होऊन गेलेले' असा आहे. भूतकाळ आणि भूत ही एकाच धातूची लेकरे. जे होऊन गेले ते सरत नाही, हे गॉथिक कथेचे सारे सार आपल्या भाषेने या एका शब्दात साठवून ठेवले आहे.

वऱ्हाडच्या गढ्या

या दृष्टीने पाहिले तर वऱ्हाडासारखी गॉथिक भूमी शोधून सापडणार नाही. गावोगावी देशमुख-पाटलांच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या आहेत. कोठे बुरूज शिल्लक आहे, कोठे फक्त टेकाड. माडी कोसळलेली, भिंतीतले धान्याचे बळद उघडे पडलेले, देवळ्यांत पाकोळ्यांची घरे. वतने गेली, भावकीत वाटण्या झाल्या, मुले पुण्या-मुंबईकडे गेली आणि कुलुपे गंजली. अशा प्रत्येक गढीची एक गोष्ट गावात ऐकू येते. तिच्या पोटात धन पुरलेले असते, त्यावर नाग बसलेला असतो आणि भुयार थेट एखाद्या किल्ल्यात निघते.

किल्लेही तितकेच बोलके आहेत. अकोट तालुक्यात सातपुड्याच्या माथ्यावर नरनाळा, बाळापूरला नदीकाठचा किल्ला, अकोला शहरात असदगड. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने निकराचा हल्ला करून तो जिंकला. या लढाईवर इंग्रज कादंबरीकार बर्नार्ड कॉर्नवेल यांनी 'शार्प्स फोर्ट्रेस' ही साहसकथा लिहिली. चिखलदऱ्याच्या नावामागची कथाही भयानक रसाचीच. भीमाने कीचकाला मारून या दरीत फेकले, म्हणून हा कीचकदरा, असे लोकमानस सांगते.

इंग्रजी साहित्यात वऱ्हाड आणखी एका पुस्तकातून पोहोचले. फिलिप मेडोज टेलर यांची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) ही वाटमारी करणाऱ्या ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपातील कादंबरी इंग्लंडमध्ये अतिशय गाजली. वाटसरूंचा विश्वास संपादन करून रात्री त्यांचे गळे आवळणाऱ्या या टोळीच्या वाटा वऱ्हाडातूनही जातात. पुढे १८५७ च्या धामधुमीत टेलर हे बुलढाण्यात अधिकारी म्हणून आले. ठगांविषयीचे तत्कालीन इंग्रजी चित्रण किती खरे आणि किती रंगवलेले, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. भयकथा कोण कोणाविषयी सांगतो, हेही वाचकाने पाहिले पाहिजे, हा त्यातला धडा.

असे असूनही मराठी भयकथेचा प्रसिद्ध पत्ता कोकणातला. माड, विहीर, समुद्राची गाज आणि कौलारू घर. 'तुंबाड' कोकणात घडते, 'रात्रीस खेळ चाले' ही २०१६ ची गाजलेली मालिकाही तिथलीच. वऱ्हाडची भीती निराळी आहे. उघड्या काळ्या रानात भरदुपारी लागणारा चकवा, कपाशीच्या शेतातून घुमत जाणारी वावटळ, मेळघाटच्या घाटातले धुके. वऱ्हाडच्या लेखकासाठी येथे मोठे रान मोकळे आहे.

अंधश्रद्धेचा आक्षेप

भयकथांमुळे अंधश्रद्धा वाढते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेंडगावचे गाडगेबाबा आणि यावलीचे तुकडोजी महाराज या अमरावती जिल्ह्याच्या दोन सुपुत्रांनी भूत-भानामतीच्या नावाखाली होणाऱ्या लुबाडणुकीवर आयुष्यभर कोरडे ओढले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. गुप्तधनाच्या शोधात केलेली अघोरी कृत्ये, भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेली मारहाण हे त्यानुसार गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतची कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंतचा दंड अशी आहे.

मांत्रिक आणि भयकथाकार यांच्यात मात्र मूलभूत अंतर आहे. मांत्रिक म्हणतो, हे खरे आहे, पैसे काढ. कथाकार म्हणतो, हे रचलेले आहे, वाचून पाहा. वॉलपोल यांनी १७६५ मध्ये दिलेली कबुली हीच या दोहोंमधली सीमारेषा. गुप्तधनाच्या लोभाने घर कसे बुडते, हे 'तुंबाड'सारखी कथा प्रवचनापेक्षा प्रभावीपणे सांगते. अर्थात ही सीमारेषा वाचकाला दिसली पाहिजे. लहान मुलांच्या हाती पुस्तक देताना, 'ही गोष्ट आहे,' एवढे वाक्य मोठ्यांनी उच्चारायला हवे. येथेच एकत्र वाचनाचे महत्त्व कळते. एकट्याने वाचलेली भीती अंथरुणापर्यंत सोबत येते. चारचौघांत वाचलेली भीती शेवटी हसण्यात आणि चर्चेत विरते.

मिळून वाचण्यासाठी

एकत्र जमून साहित्य वाचण्या-ऐकण्याची वऱ्हाडची परंपरा जुनी आहे. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ रोजी अमरावतीतच झाली. अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयासारख्या संस्थांनी पिढ्यान् पिढ्या वाचक घडवले. पाच-सहा समानधर्मी वाचक आणि एक खोली एवढ्यावर भयकथांचे वाचनमंडळ सुरू होऊ शकते.

प्रारंभ लघुकथेने करावा. पो यांची 'अशर' मोठ्याने वाचायला साधारण तासभर पुरतो. तिच्या जोडीला मतकरींची एखादी गूढकथा ठेवावी आणि दोन्हींतल्या भीतीची तुलना करावी. पुढच्या बैठकीत 'कार्मिला' किंवा 'जेकिल'सारखी लघुकादंबरी घरी वाचून यावी. 'लुचाई' आणि 'ड्रॅक्युला' एकापाठोपाठ वाचल्यास रूपांतरात काय बदलते आणि काय टिकते, हे लख्ख दिसते. वडीलधाऱ्यांना बोलावून आपापल्या गावच्या गढीची गोष्ट सांगायला लावावी व ती लिहून ठेवावी. सांगणारे गेले, की त्या गोष्टीही जातील.

'ड्रॅक्युला' वाचण्याची एक रंजक पद्धत जगभरचे वाचक अवलंबतात. कादंबरी रोजनिशा, पत्रे आणि तारा यांनी बनलेली आहे आणि प्रत्येक नोंदीवर तारीख आहे. पहिली नोंद ३ मेची, अखेरची ६ नोव्हेंबरची. त्या-त्या तारखेची नोंद त्या-त्या दिवशी वाचत गेले, की कथा सहा महिने सोबत चालते. आपल्या पंचांगाशी हे वेळापत्रक चांगले जुळते. अकोल्याचे ऊन ४४ अंशांवर गेलेले असताना गच्चीवर बसून बर्फाळ डोंगरातला प्रवास वाचायचा. ऑगस्टच्या पावसात व्हिटबीच्या किनाऱ्यावर निर्मनुष्य जहाज आदळते. लुसीचा मृत्यू सप्टेंबरात, पितृपक्षाच्या आसपास येतो. शेवटचा पाठलाग दिवाळीच्या सुमारास संपतो, तेव्हा नवे दिवाळी अंक हाती आलेले असतात.

पुस्तके मिळवण्याचा मार्गही समजून घ्यावा. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. त्यामुळे पो, ले फानू, स्टोकर किंवा हरी नारायण आपटे यांचे लेखन आता सर्वांसाठी मुक्त आहे. त्याचा नवा मराठी अनुवाद कोणीही करू शकतो. धारपांचे लेखन २०६८ अखेरपर्यंत आणि मतकरींचे २०८० अखेरपर्यंत संरक्षित आहे. त्यांच्या पुस्तकांची पाने मोबाइलवर टिपून वाटणे बेकायदा तर आहेच, शिवाय नव्या आवृत्त्यांच्या मुळावर येणारे आहे. धारपांची अनेक पुस्तके साकेत प्रकाशनाने पुन्हा उपलब्ध केली आहेत. ती विकत घेणे किंवा वाचनालयाकडे त्यांची मागणी नोंदवणे, हा सरळ मार्ग.

आणखी एक काम वाचकांच्या हाती आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ नुसार मान्यता मिळालेली वाचनालये जीर्ण ग्रंथांचे निर्लेखन करतात, म्हणजे ते दाखल नोंदवहीतून कमी करतात. जागा आणि निधी यांची चणचण पाहता ते अपरिहार्यही आहे. परंतु ज्या पुस्तकाला सर्वाधिक वाचक मिळाले, तेच आधी फाटते आणि तेच आधी बाद होते. आपल्या वाचनालयातील 'नवल'चे जुने अंक, दातारशास्त्रींच्या कादंबऱ्या, धारपांच्या पहिल्या आवृत्त्या यांची साधी यादी करून ग्रंथपालांकडे दिली, तर निर्लेखनाच्या वेळी निदान ती बाजूला ठेवली जातील.

ऑस्टेनबाईंच्या यादीतली सात पुस्तके परत सापडली, कारण त्यांची नावे कोणीतरी लिहून ठेवली होती. आपल्या यादीला या आठवड्यात सुरुवात करायला हरकत नाही.